उसाच्या देशातलं विमान : ब्राझीलने हे कसं जमवलं?

पंचगंगाकाठ

मागच्या महिन्यात कोल्हापूरहून मुंबईला विमानाने गेलो. एरवी आपली महालक्ष्मी एक्सप्रेस बरी, पण या वेळी दुपारीच पोचायचं होतं. उजळाईवाडीच्या विमानतळावर शिडी चढलो, दारात मान वाकवली आणि आत पाहिलं तर डावीकडे एकेकच खुर्ची, उजवीकडे दोन-दोन. पन्नास माणसांचं लांबट, अरुंद विमान. समोरच्या खिशातलं सुरक्षेचं कार्ड काढलं, त्यावर लिहिलं होतं एम्ब्राएर १४५. विमान उडालं तसे खाली उसाचे फड दिसायला लागले आणि डोक्यात एकच विचार घोळत राहिला. हे विमान ब्राझीलचं. जगात सगळ्यात जास्त ऊस पिकवणारा देश. कॉफी, सोयाबीन, लोहखनिज विकणारा देश. प्रवासी विमानं बनवणाऱ्यांत बोइंग आणि एअरबसच्या खालोखाल आज त्याच देशाच्या कंपनीचा नंबर लागतो. आणि आपण पन्नास सीटचं विमानही बाहेरून आणतो.

तेव्हापासून जमेल तसं वाचतोय. त्यातलं जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते आधी सांगतो: ब्राझीलने कारखाना आधी काढला नाही. शाळा आधी काढली.

विमानाचं वेड तिथे जुनंच. सांतोस-द्युमों हा त्यांचाच माणूस. २३ ऑक्टोबर १९०६ ला त्याने पॅरिसमध्ये लोकांसमोर स्वतःचं विमान उडवून दाखवलं. आजही ब्राझीलमध्ये विमानाचा जनक म्हणून त्याचंच नाव घेतात. पण वेडाने उद्योग उभा राहत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांच्या हवाई दलातला कासिमिरो मोन्तेनेग्रो नावाचा अधिकारी अमेरिकेत गेला आणि तिथली एमआयटी पाहून आला. विमान बनवायचं तर आधी ते बनवू शकणारी माणसं घडवली पाहिजेत, हे त्याने धरून ठेवलं. एमआयटीचेच प्राध्यापक रिचर्ड स्मिथ यांना ब्राझीलला आणलं आणि १९५० साली साओ जोसे दोस काम्पोस या गावात 'ईटा' ही वैमानिकी अभियांत्रिकीची संस्था उभी राहिली. शेजारीच संशोधन केंद्र. एम्ब्राएर कंपनी स्थापन झाली १९ ऑगस्ट १९६९ ला. मधली एकोणीस वर्षं नुसती माणसं तयार होत होती. काही प्रयोग फसले, काही अर्धवट राहिले, पण शाळा बंद पडली नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे कोणतं विमान बनवायचं याची निवड. महायुद्धानंतर स्वस्तात मिळालेल्या डीसी-३ विमानांवर ब्राझीलच्या शेकडो लहान गावांची सेवा चालायची. ती विमानं म्हातारी झाली आणि जेट आली. जेटना लांब, पक्की धावपट्टी हवी. एकेक करत लहान गावं नकाशावरून गळाली. आपल्या कोल्हापूरचं तरी काय वेगळं? राजाराम महाराजांच्या काळातला विमानतळ, पण वर्षानुवर्षं तिथे नियमित विमान नव्हतं. २०१८ साली उडान योजनेत सेवा पुन्हा सुरू झाली तेव्हा लोक नुसतं बघायला जमले होते. तर साओ जोसेच्या संशोधन केंद्रातल्या मंडळींनी, त्यात हवाई दलातले ओझिरेस सिल्वा हे ईटाचेच विद्यार्थी, नेमकी हीच जागा हेरली. पंधरा-वीस माणसांचं, दोन टर्बोप्रॉप (पुढे पंखा फिरवणाऱ्या) इंजिनांचं, कच्च्या धावपट्टीवरही उतरेल असं विमान. मोठ्या कंपन्यांचं तिकडे फारसं लक्ष नव्हतं. नाव ठेवलं बान्देइरान्ते. पहिलं उड्डाण २२ ऑक्टोबर १९६८. इंजिन कॅनडाचं, आणि त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. विमानाचा आराखडा मात्र स्वतःचा.

विमान उडालं, पण ते बनवायला कोणी उद्योगपती पुढे येईना. पुढचा प्रसंग ओझिरेस यांनी स्वतः अनेकदा सांगितलाय. १९६९ साली राष्ट्राध्यक्ष कोस्ता ए सिल्वा यांचं विमान दुसऱ्या गावी चाललं होतं. तिथे धुकं. म्हणून ते साओ जोसेला उतरवलं. रविवारची वेळ, स्वागताला हजर कोण, तर ओझिरेस. धुकं निवळेपर्यंत राष्ट्राध्यक्षांना त्यांनी हँगरमध्ये नेलं, विमान दाखवलं आणि सगळं गाऱ्हाणं मांडलं. काही महिन्यांत सरकारी कंपनी स्थापन झाली, ओझिरेस तिचे पहिले अध्यक्ष झाले आणि हवाई दलाने ८० बान्देइरान्तेंची मागणी नोंदवली. धुकं हा योगायोग. पण धुकं पडलं त्या दिवशी दाखवायला हँगरमध्ये उडणारं विमान तयार होतं.

इथे कोणी या क्षेत्रात काम केलेलं असेल तर जरूर लिहा.

---

तारांगण

सुंदर धागा. त्यांची मोठी जेट विमानं, म्हणजे १७० ते १९५ ही मालिका, २००२ पासून उडतायत. त्यात दोन-दोन अशाच सीट आहेत. मधली सीटच नाही! ज्याला मधल्या सीटवर बसून चार तास काढावे लागलेत त्याला विचारा याची किंमत. आणि एक भर: आपल्या हवाई दलाचं 'नेत्र' हे टेहळणीचं विमान. वरचं रडार डीआरडीओचं, खालचं विमान हेच तुम्ही बसलात ते एम्ब्राएर १४५.

---

जिग_फिटर

नाशिककडच्या एका विमान कारखान्यात चौतीस वर्षं नोकरी केली. आता निवृत्त आहे. शाळेचा मुद्दा वाचला आणि लिहायला बसलो.

आम्ही परवान्यावरची विमानं बनवायचो. म्हणजे आराखडे परदेशातून यायचे, त्यांचं भाषांतर व्हायचं, जिग (भाग जागेवर पक्के धरून ठेवणारे सांगाडे) उभे राहायचे आणि आम्ही पत्र्याला पत्रा जोडायचो. रिव्हेटिंगचं काम दोघांचं. बाहेर एक जण गन घेऊन, आत दुसरा डॉली, म्हणजे रिव्हेटच्या मागे टेकवायचा लोखंडी ठोकळा धरून, बहुतेक वेळा अंग चोरून बसलेला. दोघांना एकमेकांची तोंडं दिसत नाहीत आणि आवाजात बोललेलं ऐकू येत नाही. मग आतला पत्र्यावर टकटक करून सांगतो. आमच्याकडे एकदा वाजवलं की अजून थोडं मार, दोनदा म्हणजे बसलं, पुढचं घे, तीनदा म्हणजे बिघडलं, ड्रिल करून काढ. वर्षानुवर्षं एकाच जोडीदाराबरोबर काम केलं की टकटक व्हायच्या आधीच हाताला कळायचं. कामात आम्ही कोणाच्याही मागे नव्हतो. आमची जोडणी तपासायला आलेल्या परदेशी पाहुण्यांनी भिंग लावून बघितली तरी काही सापडायचं नाही.

पण एक गोष्ट कायम खुपली. एखाद्या ठिकाणी पत्रा १.२ मिलिमीटर का आणि १ का नाही, हे आराखड्यावर लिहिलेलं नसतं. ते ज्याने काढलं त्याच्या डोक्यात असतं. त्याने आधी १ मिलिमीटरचा लावून पाहिलेला असतो, तो तडकलेला असतो. आम्हाला आला तो फक्त निकाल. तडकलेला पत्रा आम्ही कधी पाहिलाच नाही. मग पुढे स्वतःचं विमान करायची वेळ येते तेव्हा ते तडकणं पहिल्यापासून सुरू करावं लागतं. त्यात वर्षं जातात, आणि लोक विचारतात एवढी वर्षं का लागली.

---

पंचगंगाकाठ

काका, तडकलेला पत्रा डोक्यात पक्का बसला. तुमच्या बोलण्याला जोडून सांगतो, परवान्यावरचं विमान ब्राझीलनेही केलं. एर्माकी या इटालियन कंपनीचं प्रशिक्षण जेट त्यांनी शावान्ते नावाने बनवलं. फरक एवढाच की त्याच वेळी शेजारच्या शेडमध्ये स्वतःचं बान्देइरान्ते चालू होतं. इटालियनांकडून शिकलेलं दुसऱ्या दिवशी वापरायला जागा होती.

---

सिद्धेश्वरपेठ

सोलापूरचा आहे, म्हणून हे लिहिलंच पाहिजे. आपल्याकडे सुरुवात ब्राझीलच्या कितीतरी आधी झाली होती. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाला बरोबर घेऊन बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट काढली. एम्ब्राएरच्या जवळपास तीस वर्षं आधी! युद्धामुळे १९४२ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली आणि पुढे तिचीच एचएएल झाली.

आणि आराखडे काढणारी माणसंही होती. १९५६ मध्ये जर्मन विमान रचनाकार कुर्ट टँक बंगळूरला आले, त्यांच्या मार्गदर्शनाखाली आपण मरुत हे लढाऊ विमान केलं. १७ जून १९६१ ला ते उडालं. १४७ विमानं झाली, १९७१ च्या युद्धात लोंगेवाल्याच्या बाजूला लढलीसुद्धा. त्याला साजेसं ताकदवान इंजिन कधीच मिळालं नाही. पण माझ्या मते खरा घात नंतर झाला. मरुतच्या पुढचं विमान नाही. तेजसचं पहिलं उड्डाण जानेवारी २००१ मध्ये. चाळीस वर्षं! मरुतवर तिशीत काम केलेला अभियंता तेजस उडताना सत्तरीत होता. जिग_फिटर काका म्हणतात तो तडकलेला पत्रा पाहिलेली माणसं आपल्याकडेही होती. त्यांच्या शेजारी बसून शिकणारं पोरगं नव्हतं.

---

पंचगंगाकाठ

हे फार मोलाचं सांगितलंत. आणि गंमत बघा, ब्राझीलनेही त्याच सुमाराला जर्मन माणूस आणला होता. हाइनरिश फॉके. फॉके-वुल्फ कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, आणि कुर्ट टँक त्याच कंपनीचे मुख्य रचनाकार. फॉकेने साओ जोसेत सरळ वर उडणाऱ्या विमानाचा प्रकल्प घेतला, तो कधीच पुरा झाला नाही. म्हणजे आपलं मरुत उडालं आणि त्यांचं ते यंत्र जमिनीवरच राहिलं. पण त्यावर राबलेले तरुण तिथेच, त्याच केंद्रात पुढच्या कामाला लागले.

---

हिशेबनीस

लेख आवडला, पण चित्र जरा जास्तच उजळ झालंय. माझे आक्षेप.

१९६४ ते १९८५ ब्राझीलमध्ये लष्करी राजवट होती. विरोधकांचा छळ, सेन्सॉरशिप, सगळं. जनरल मंडळींना विमानं हवी होती म्हणून पैसा आला. ईशान्य ब्राझीलमध्ये दुष्काळाने माणसं गाव सोडत होती तेव्हा हा पैसा तिकडे गेला नाही. कंपन्यांना आयकरातला १ टक्का एम्ब्राएरच्या शेअरमध्ये वळवायची मुभा होती. म्हणजे शेवटी सरकारचाच पैसा. बाहेरच्या लहान विमानांवर कर वाढवून स्वतःच्या बाजारात दुसऱ्याला शिरू दिलं नाही.

आणि इतकं करून १९९० च्या सुमाराला कंपनी बुडायला आली होती. अर्जेंटिनाबरोबर सीबीए-१२३ नावाचं एकोणीस सीटचं विमान केलं. पंखे मागे, उलटे बसवलेले, तंत्रज्ञान एक नंबर. किंमत इतकी की एकही विकलं गेलं नाही. निम्म्याच्या आसपास लोकांना घरी जावं लागलं. हेही यशोगाथेत यायला हवं.

---

पंचगंगाकाठ

यायलाच हवं. राजवटीबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत आहे, त्याचं समर्थन कुठल्याच विमानाने होत नाही.

पैशाबद्दल थोडं वेगळं वाटतं. सरकारी पैसा न घालता विमान उद्योग उभा राहिलेला देश मला तरी दिसत नाही. एअरबस उभी राहिली ती युरोपातल्या सरकारांच्या पैशावर. कॅनडा आणि ब्राझील जागतिक व्यापार संघटनेत एकमेकांविरुद्ध वर्षानुवर्षं भांडले, तुम्ही बॉम्बार्डिएला अनुदान देता, तुम्ही एम्ब्राएरला देता म्हणून. निकाल दोघांच्याही विरुद्ध गेले. मला प्रश्न हा पडतो की पैसा घातल्यावर विकता येईल अशी वस्तू बाहेर पडली का. बान्देइरान्ते जवळपास ५०० बनली. १९७८ मध्ये अमेरिकेने विमानसेवा खुली केली, तिथल्या छोट्या कंपन्यांना अगदी याच मापाचं विमान हवं होतं, आणि ते तयार होतं. पुढे तीस सीटचं ब्राझिलिया आलं, तेही अमेरिकेत खपलं.

सीबीए-१२३ चं तुमचं म्हणणं मान्य. तिथे त्यांनी गिऱ्हाइकाऐवजी स्वतःच्या हौसेकडे पाहिलं. ७ डिसेंबर १९९४ ला कंपनी खाजगी झाली, मात्र सरकारने नकाराधिकार असलेला एक खास शेअर हातात ठेवला. त्यानंतरचं पहिलं विमान म्हणजे मी बसलो ते १४५. ते रखडलेलं होतं, पैसा नव्हता. मग पंख स्पेनच्या कंपनीकडे, सांगाड्याचे भाग बेल्जियमकडे, शेपटीचे भाग चिलीकडे. आणि अट अशी की तुमच्या भागाचा विकासखर्च तुम्ही घाला, विमान विकलं गेलं तर कमाई वाटून घेऊ. ऑगस्ट १९९५ मध्ये ते उडालं. आराखडा, जुळणी, चाचणी आणि विक्री साओ जोसेतच राहिली. दुसऱ्याचं सुटं काम करून देणं आणि दुसऱ्याकडून सुटं काम करून घेणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपण अजून बहुतेक पहिल्या बाजूला आहोत.

---

पाराइबाखोरे

नमस्कार. मी मूळची साताऱ्याची. नवऱ्याच्या नोकरीमुळे सहा वर्षं साओ जोसे दोस काम्पोसमध्येच राहते (विमान कंपनीत नाही, दुसऱ्या). धाग्यात आमचं गाव बघून इतका आनंद झाला!

साओ पावलोपासून शंभरेक किलोमीटरवर, दोन डोंगररांगांच्या मधल्या खोऱ्यात हे शहर आहे. पुण्यासारखीच हवा. दिवसभर डोक्यावरून रंग न लावलेली, हिरवट-पिवळ्या अस्तराची विमानं चाचणीसाठी उडतात. माझा मुलगा आवाजावरून सांगतो जेट की टर्बोप्रॉप. इथल्या विमान संग्रहालयाच्या अंगणात बान्देइरान्ते उभं आहे, रविवारी आम्ही डबा घेऊन तिथे जातो. जवळ गेलं की लक्षात येतं, किती लहान आहे ते. आपली एसटी त्याच्यापेक्षा जास्त माणसं नेते.

ईटाबद्दल सांगते. प्रवेश परीक्षा आपल्या आयआयटीसारखीच, पोरं दोन-दोन वर्षं क्लास लावून बसतात. निवडलेल्यांना फी नाही. शेजारणीचा भाचा तिथे लागला तेव्हा सगळ्या गल्लीत केक वाटला होता. आणि शहरात तुम्ही कुठेही जा, भाजीच्या रांगेत, दवाखान्यात, कोणाचे तरी वडील किंवा आजोबा 'कारखान्यात' होते. नुसतं कारखाना म्हटलं की कुठला ते कोणी विचारत नाही. १९९० च्या आसपासची नोकरकपातही लोक विसरलेले नाहीत. आमच्या घरमालकांचं काम तेव्हा गेलं, त्यांनी पाच वर्षं पावाची गाडी चालवली आणि ९६ मध्ये त्यांना परत बोलावलं. पंख जुळवण्याच्या विभागात. ते सांगताना अजून डोळे पुसतात.

एक खटकणारी गोष्टही लिहिते. बान्देइरान्ते म्हणजे जुन्या काळी आत रानात शिरणारे लोक. त्यांनी आदिवासींना धरून गुलाम केलं होतं. इथले माझे काही मित्र ते नाव अभिमानाने घेत नाहीत.

---

जिग_फिटर

पाराइबाखोरे ताई, हिरवट-पिवळं अस्तर म्हणजे प्रायमर. गंज लागू नये म्हणून. तुमच्या घरमालकांना माझा नमस्कार सांगा. पंख जुळवणी म्हणजे जिगवरचाच माणूस.

---

शिरोळचा_फड

विमानातलं कळत नाही, पण ऊस कळतो. कोणीतरी मागे म्हणालं होतं की ब्राझीलमध्ये उसाच्या अल्कोहोलवर विमान चालतं. खरं आहे का?

---

पंचगंगाकाठ

दादा, खरं आहे, पण प्रवासी विमान नव्हे. एम्ब्राएरचं इपानेमा नावाचं एका माणसाचं विमान आहे, पिकांवर औषध फवारायचं. १९७० पासून बनतंय, म्हणजे बान्देइरान्तेच्या बरोबरीचं. त्यात पिस्टन इंजिन असतं, मोटारीसारखं. २००४ मध्ये त्याच्या इथेनॉलवर चालणाऱ्या प्रकाराला उड्डाणाचं प्रमाणपत्र मिळालं. कारखान्यातून थेट इथेनॉलवर बाहेर पडणारं जगातलं पहिलं विमान. पहिलं गिऱ्हाइकाला दिलं ते इपानेमा मालिकेतलं हजारावं होतं. उसाच्या रसापासून इंधन, आणि फवारणी त्याच शेतावर. आपल्या पंचक्रोशीत साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या इथेनॉल बनवतातच, म्हणून मला हे वाचताना फार जवळचं वाटलं.

---

तारांगण

आपल्याकडच्या वाढीबद्दलही बोलू. प्रवासी वाढ बघितली तर आपण ब्राझीलच्या पुढे आहोत. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० विमानांची ऑर्डर दिली, त्याच वर्षी इंडिगोने ५०० ची. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला. पण यातलं एकही प्रवासी विमान इथे बनणार नाही. वडोदऱ्याला सी-२९५ ची जुळणी आहे, तेही लष्करी मालवाहू, आराखडा स्पेनचा. एनएएल या बंगळूरच्या सरकारी विमान संशोधन संस्थेच्या सारस विमानाची कथा सगळ्यांना माहीत आहे. २००४ मध्ये उडालं, २००९ मध्ये बंगळूरजवळ चाचणीत पडलं, दोन वैमानिक आणि एक चाचणी अभियंता असे हवाई दलाचे तीन अधिकारी गेले. चौदा सीटचं विमान होतं ते. त्यांच्या बलिदानानंतर काम आणखी जिद्दीने पुढे न्यायला हवं होतं.

---

हिशेबनीस

इथे मात्र तुमच्याशी सहमत. हजार विमानांची ऑर्डर ही ताकद आहे. ऐंशी विमानांच्या ऑर्डरवर ब्राझीलचा कारखाना उभा राहिला. आपण गिऱ्हाईक म्हणून अट घालायला हवी होती, आणि ती फक्त सुट्या भागांची नको, आराखड्याच्या टेबलावर आपली माणसं बसवण्याची हवी.

आणि मोठ्यांशी सोयरीक करताना जपून. २०१८ मध्ये बोइंगने एम्ब्राएरच्या प्रवासी विमान विभागाचा ८० टक्के हिस्सा घ्यायचं ठरवलं. ब्राझीलने सगळा विभाग वेगळा काढून ठेवला, खर्च केला. एप्रिल २०२० मध्ये, ऐन कोविडमध्ये, बोइंगने करार मोडला. तेव्हा वाटलं होतं संपलं. पण टिकले.

---

पाराइबाखोरे

टिकले, कारण माणसं गाव सोडून गेली नाहीत. त्या वर्षी आमच्या इमारतीत चार घरांत नोकऱ्या गेल्या. तीन जण आता परत कामावर आहेत.

---

पंचगंगाकाठ

परवा पुन्हा मुंबईला जाऊन आलो. जिग_फिटर काका, या वेळी तुमच्यासाठी बघून आलोय. शिडीवर रांग थांबली होती तेवढ्यात दाराशेजारच्या पत्र्यावरून हात फिरवला. रिव्हेटच्या ओळी डोळ्यांना दिसतात, पण एकही डोकं बोटाला लागलं नाही. सगळं सपाट.

---

जिग_फिटर

म्हणजे काउंटरसिंक, रिव्हेटचं डोकं बसायची खाच, बरोबर मापाचं पडलंय. आतल्याने दोनदाच टकटक केलं असणार.